फुटबॉलचे भाकीत (लेखांक पाचवा) : चेन्नईचे दोन संघ, एक हंगाम

हंगामाच्या उंबरठ्यावर, नव्या खेळाडूंचे करारनामे दप्तरी दाखल झालेले असतात, वेळापत्रक जाहीर झालेले असते आणि मैदानावर मात्र अद्याप काहीच घडलेले नसते अशा दोन-तीन आठवड्यांत, यंदा कोण कितव्या क्रमांकावर येईल याचे भाकीत करण्याचा मोह ज्याला होत नाही असा फुटबॉलप्रेमी विरळाच. आणि हे भाकीत करताना बहुतेक जण गतवर्षीचा गुणतक्ता समोर ठेवतात, त्यातील दोन-चार नावे वरखाली करतात व तेवढ्यावर संतुष्ट होतात. हा गुणतक्ता साक्षीदार म्हणून कितपत भरवशाचा, याची उलटतपासणी या लेखांकात करावयाची आहे, आणि तिच्यासाठी चेन्नईने २०१८-१९ साली पुरविले त्याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१७ मार्च २०१८ रोजी बेंगळुरूच्या श्रीकंठीरव मैदानावर चेन्नईयिन संघाने यजमानांना ३-२ असे हरवून इंडियन सुपर लीगचे विजेतेपद दुसऱ्यांदा मिळविले. सुनील छेत्रीने नवव्याच मिनिटाला गोल केल्यावर मैल्सन आल्वेस या बचावपटूने दोन आणि राफाएल ऑगस्टोने एक गोल करून सामना फिरविला होता. साखळीतही हा संघ १८ सामन्यांत ३२ गुण घेऊन दुसरा आला होता, तेव्हा पुढील हंगामात तो पहिल्या चारांत असणार हे कोणीही सहज मान्य केले असते. त्याच शहराचे नाव लावणारा, परंतु कोइम्बतूरला सामने खेळणारा चेन्नई सिटी हा संघ त्याच वर्षी आय-लीगमध्ये दहा संघांत आठवा होता; त्याने पुन्हा पदावनती टाळली तरी पुष्कळ झाले, असेच जाणकारांनाही वाटले असते. वर्ष उलटले तेव्हा चेन्नईयिन दहा संघांत दहावा, १८ सामन्यांत अवघे दोन विजय आणि ९ गुण अशा अवस्थेत होता, आणि चेन्नई सिटी २० सामन्यांत ४३ गुण मिळवून आय-लीगचा विजेता झालेला होता.

या प्रकाराला दैवाचा खेळ म्हणून सोडून देणे सोपे आहे; पण त्यात दैवाचा वाटा किती आणि कारणांचा किती, हे हिशेबाने ठरविता येते, आणि तो हिशेब एकदा स्वच्छ मांडून पाहण्यातच या विषयाची खरी गोडी आहे. मागील लेखांकात आपण प्वासाँचा नियम पाहिला. प्रशियाच्या घोडदळातील सैनिक घोड्यांच्या लाथेने मरण्याच्या घटनांना बोर्टकीविच याने १८९८ साली जो नियम लावून दाखविला, तोच गोलांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो. आणि १९८२ साली मायकेल माहेर याने प्रत्येक संघाला आक्रमणाचे एक व बचावाचे एक अशी दोन मापे देऊन सामन्यांचे निकाल त्यावरून मांडण्याची रीत घालून दिली. ती रीत येथे अगदी साध्या स्वरूपात वापरू.

विजेतेपदाच्या त्या हंगामात, साखळीपुरते पाहिले तर, चेन्नईयिनने १८ सामन्यांत २४ गोल केले आणि १९ स्वीकारले, म्हणजे सामन्यामागे सरासरी १.३३ केले व १.०६ घेतले. प्वासाँच्या नियमाने अशा संघाला कोणताही एक सामना जिंकण्याची शक्यता शेकडा ४३ आणि बरोबरीची शेकडा २७ येते. विजयाचे ३ व बरोबरीचा १ गुण या हिशेबाने सामन्यामागे १.५६ आणि १८ सामन्यांना सुमारे २८ गुण होतात. प्रत्यक्षात मिळाले ३२. आता शेजारी एफसी गोवा संघाचा हिशेब ठेवू. त्याने ४२ गोल केले होते आणि २८ घेतले होते. त्याच नियमाने त्याच्या वाट्याला ३३ गुण यावयास हवे होते, मिळाले मात्र ३०. गुणतक्त्यात चेन्नईयिन गोव्याच्या वर होता, परंतु गोलांची साक्ष काढली तर गोवा चेन्नईयिनच्या बराच वर होता. आणि पुढील हंगामात गोव्याने ३४ गुण मिळवून अंतिम सामना गाठला, ही गोष्ट ज्याने गुणांकडे न पाहता गोलफरकाकडे पाहिले होते त्याला अनपेक्षित वाटण्याचे कारण नव्हते. एका गोलाने जिंकलेले सामने गुणांच्या रकान्यात पाच गोलांनी जिंकलेल्या सामन्यांइतकेच वजन घेऊन बसतात, आणि पुढच्या वर्षी ते तसेच जिंकले जातील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून भाकीत करणाराने गुणांचा रकाना झाकून ठेवावा आणि गोलांचे दोन रकाने आधी वाचावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु २८ हा आकडादेखील एकटा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वरील शक्यता धरून १८ सामन्यांच्या हंगामाचा प्रमाण-विचलनांक काढला तर तो साडेपाच गुणांच्या आसपास येतो. म्हणजे संघात तिळमात्र बदल झाला नाही तरी तीनांपैकी दोन हंगामांत त्याचे गुण २२ ते ३४ यांच्या दरम्यान पडतील आणि उरलेल्या एका हंगामात याही मर्यादेबाहेर जातील. २०१८-१९ च्या तक्त्यात पहिल्या बेंगळुरूचे गुण ३४ आणि पाचव्या जमशेदपूरचे २७ होते. पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचे सगळे अंतर सात गुणांचे, आणि निव्वळ योगायोगाने होणारी हालचाल एका बाजूला साडेपाचाची! अशा स्थितीत एखादा संघ 'तिसरा येईल' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने आपल्या ज्ञानापेक्षा अधिक सांगितलेले असते. भाकीत द्यावयाचे ते पट्ट्याच्या रूपाने द्यावे, आणि पट्टा रुंद असेल तर तो रुंदच सांगावा.

मात्र ९ हा आकडा त्या रुंद पट्ट्यातही कोठेच बसत नाही. २८ वरून योगायोगाने ९ वर येणे हजारांत एखाद्या वेळीच संभवते. म्हणून येथे योगायोगाला रजा देऊन कारणे शोधली पाहिजेत, आणि ती लांब नाहीत. चषक उंचावणारा कर्णधार हेन्रिके सेरेनो संघ सोडून गेला होता. मध्यफळीचा आधार असलेला, चेन्नईतच वाढलेला धनपाल गणेश गुडघ्याच्या दुखापतीने हंगामभर मैदानाबाहेर राहिला. आणि आदल्या वर्षी नऊ गोल करणाऱ्या जेजे लालपेखलुआच्या नावावर या वर्षी एकच गोल लागला. घेतलेले गोल १९ वरून ३२ वर गेले, केलेले २४ वरून १६ वर आले. प्रशिक्षक जॉन ग्रेगरी तेच, मैदान पेरियामेटचे नेहरू स्टेडियम तेच, गणवेशाची निळाई तीच. संघ मात्र तो राहिला नव्हता.

उलट बाजूस चेन्नई सिटीचे प्रशिक्षक अकबर नवास यांनी त्या उन्हाळ्यात पेड्रो मान्झी, नेस्टर गोर्डिलो, सँड्रो रॉड्रिग्ज आणि रॉबर्टो एस्लावा हे चार परदेशी खेळाडू संघात आणले. अशा संघाविषयी गतवर्षीचे गोल काय सांगणार? एकट्या मान्झीने २१ गोल केले. तरीही विजेतेपद कशाच्या धाग्यावर लोंबकळत होते ते पाहण्यासाठी ९ मार्च २०१९ ची कोइम्बतूरची संध्याकाळ आठवावी. शेवटचा सामना मिनर्व्हा पंजाबशी. ईस्ट बंगाल एका गुणाने मागे आणि त्याच वेळी कोझिकोडला गोकुलमशी खेळत असलेला. तिसऱ्याच मिनिटाला पंजाबच्या रोलंड बिलालाने गोल केला आणि मध्यंतरापर्यंत चेन्नई सिटी पिछाडीवरच होता. उत्तरार्धात मान्झीने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यानंतर गौरव बोरा या बचावपटूने, ज्याच्याकडून गोलाची अपेक्षा कोणी क्वचितच करील, एक नव्हे तर दोन गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला. कोझिकोडला ईस्ट बंगालनेही सामना जिंकून आपले गुण ४२ केले होते. कोइम्बतूरला बरोबरी झाली असती तर चेन्नई सिटी ४१ वर थांबला असता आणि इतिहासात दुसरे नाव लागले असते. संघाची उन्नती खरी होती, तिला कारणेही होती. पण पहिला क्रमांक की दुसरा, याचा फैसला एका बचावपटूच्या दोन स्पर्शांनी झाला.

यावरून भाकिताच्या कामाचा क्रम माझ्यापुरता ठरतो. प्रथम हजेरीपट पाहावा : गतवर्षी मैदानावर घालविलेल्या एकूण मिनिटांपैकी किती मिनिटे यंदाही संघात असलेल्या खेळाडूंची आहेत, आणि विशेषतः बचावफळीची व गोलरक्षकाची जोडणी टिकली आहे काय. टिकली असेल तर गतवर्षीचे गोल साक्षीला घ्यावेत. टिकली नसेल तर तो संघ अपरिचित समजून त्याला सर्व संघांच्या सरासरीजवळ बसवावे व पट्टा अधिक रुंद करावा. प्रशिक्षकाच्या बदलाचे मोल मी यानंतर धरतो, कारण त्याचा परिणाम कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगणे दुर्घट असते. २०१९ च्या अखेरीस ओवेन कॉईल आले आणि अडखळलेला चेन्नईयिन फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि त्याच कॉईल यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत २०२४-२५ साली तो अकरावा आला.

आता एक अडचण अशी आहे की जिचा समावेश कोणत्याही गणितात पूर्वी करावा लागत नव्हता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली व्यापारी हक्कांचा जो पंधरा वर्षांचा करार केला होता त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नूतनीकरण न झाल्यामुळे जुलैतच सुपर लीग तहकूब झाली, खेळाडू व कर्मचारी वेतनाच्या चिंतेत महिनोन् महिने ताटकळले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हंगाम सुरू व्हावयास १४ फेब्रुवारी २०२६ उजाडला. ज्यांच्या पायांवर हा सगळा खेळ उभा आहे त्यांच्यावर ही वेळ यावी याची खंत वाटते. भाकिताच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की १४ संघ परस्परांशी एकेकदाच खेळणार असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला आदल्या हंगामातील २४ ऐवजी १३ सामने आले. वरचेच गणित येथे लावले तर सामन्यामागील गुणांतील अनिश्चितता ०.२७ वरून ०.३६ वर, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक वाढते. आणि दुसरी फेरी नसल्यामुळे कोणाशी स्वगृही खेळावयाचे व कोणाशी परगावी, हा वेळापत्रकाचा योगायोगही त्यात येऊन मिळतो. स्वगृही खेळण्याचा लाभ किती गोलांचा धरावा आणि चेन्नईच्या दमट हवेत तो वाढतो काय, हे पुढील लेखांकात पाहू.