नंदादेवीची बंद कुरणे

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील नंदादेवी शिखराची उंची ७,८१६ मीटर आहे. त्याच्याभोवती इतर शिखरांचे कडे इतके सलग आहे, की आतल्या हिमनद्यांचे सारे पाणी पश्चिमेच्या एकाच घळीतून बाहेर पडते. ही घळ ऋषिगंगेची. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह तिच्यातून आत शिरले आणि आतल्या कुरणांपर्यंत पोचले. दोन वर्षांनी टिलमन आणि नोएल ओडेल यांनी शिखर गाठले. १९३९ मध्ये हा प्रदेश अभयारण्य झाला खरा, पण पुढची अनेक वर्षे त्याची राखण कायद्यापेक्षा त्या घळीनेच केली.

फर, भूर्ज आणि बुरांशाचे जंगल मुख्यतः या घळीतच आहे. त्याच्या वर झाडे थांबतात आणि गवताळ उतार सुरू होतात. गढवालात त्यांना बुग्याल म्हणतात. कुटकी, जटामांसी, हत्ताजडी आणि अतिविष या वनस्पती याच उंचीवरच्या. मराठी घरांत बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळले जाणारे अतिविष ते हेच. यांतल्या बहुतेकींचे औषध मुळात किंवा कंदात असते. म्हणजे औषध काढले की झाड गेले. शिवाय उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा असल्याने नवे रोप सावकाश वाढते. बी धरण्याआधीच खणती झाली, तर त्या जागी पुन्हा काही उगवेलच असे नाही.

गवतावर भरलांचे कळप चरतात आणि हिमबिबट्या प्रामुख्याने त्यांच्यावर जगतो. ताहर कड्यांवर राहतो. कस्तुरीमृग भूर्ज-बुरांशाच्या झुडपांत लपून असतो, पण नराच्या कस्तुरीपायी फासे लावणाऱ्यांनी त्याला तिथेही सोडलेले नाही.

घळीच्या तोंडाशी लाता, रैणी, पैंग, तोलमा ही भोटिया गावे आहेत. भोटियांपैकी नीती खोऱ्यातले मारछा तिबेटशी व्यापार करीत. धान्य वर न्यायचे, मीठ, लोकर आणि टाकणखार खाली आणायचे. तोलछांचा भर शेतीवर आणि मेंढपाळीवर. १९६२ च्या युद्धाने खिंडी बंद झाल्या, व्यापार संपला आणि मेंढ्या व जंगल यांच्यावरचा भार वाढला. म्हणूनच रैणीचे जंगल ठेकेदाराला विकले गेले, तेव्हा तो गावाला पोटाचा प्रश्न वाटला. २६ मार्च १९७४ रोजी पुरुषांना जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी चमोलीला बोलावले होते. तोडीसाठी माणसे आली, तेव्हा गौरादेवी गावच्या बायका-मुलींना घेऊन त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. चिपको आंदोलनाचा हा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. पुढे शासकीय समितीच्या अहवालानंतर अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात दहा वर्षे तोड बंद झाली.

त्याच १९७४ मध्ये नंदादेवी परदेशी मोहिमांना खुली झाली. लाताच्या लोकांना हमाली मिळू लागली. त्यांच्या शेळ्यामेंढ्याही पाठीवर सामान वाहत. पण मोहिमांनी जळणासाठी भूर्ज आणि जुनिपर तोडले, तळांवर कचरा साठला आणि चोरट्या शिकारीला वाट सापडली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९८३ पासून गाभा क्षेत्र मोहिमा व चराई या दोन्हींसाठी बंद झाले. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. १९९३ मध्ये शास्त्रज्ञ आत गेले, तेव्हा वनस्पती सावरत असल्याचे त्यांना दिसले. बंदी निष्फळ ठरली असे म्हणता येणार नाही. प्रश्न तिची किंमत कोणी मोजली हा आहे. मोहिमांना दुसरी शिखरे होती. लाताच्या मेंढ्यांना धरांसी आणि दिब्रूघेट्याच्या जागी दुसरी कुरणे नव्हती. हमाली गेली, जडीबुटी गेली, आणि राजमा-बटाट्याच्या शेतात अस्वले व रानडुकरे येत राहिली.

चराई थांबवली की निसर्ग आपोआप पूर्वपदावर येतो, या समजाची कसोटी जवळच्या फुलांच्या दरीत लागली. १९३१ मध्ये कामेट शिखराहून परतताना गिर्यारोहक फ्रँक स्माइथ तिथे उतरला आणि १९३८ च्या त्याच्या पुस्तकाने ८७.५ चौरस किलोमीटरची ही दरी जगभर गाजली. तिच्या आल्पीय पट्ट्यात ५०० हून अधिक जातींच्या वनस्पती नोंदल्या आहेत. इथेही उद्यानाबरोबर चराई बंद झाली. नंतर अमेला नावाची उंच वाढणारी पॉलिगोनम वनस्पती पसरू लागली आणि तिच्या सावलीत लहान फुलझाडे खुरटू लागली. मेंढ्या गेल्याने अमेला माजला, असे एक मत. आधीच्या चराईने आणि दरडींनी उघडी पडलेली जमीनच त्याला मानवली, असे दुसरे. वाद मिटलेला नाही. वन विभागाला दरवर्षी अमेला उपटावा मात्र लागतो. मेंढ्या परत आणाव्यात असा निष्कर्ष यातून निघत नाही, पण दरीचे रूप घडवण्यात चराईचा हात नव्हता, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

१९९८ मध्ये लाता-रैणीच्या लोकांनी ‘झपटो छीनो’ म्हणत थेट गाभा क्षेत्रात प्रवेश केला. ऑक्टोबर २००१ मध्ये नीती खोऱ्यातल्या लोकांनी जाहीरनामा काढला; जैवविविधतेचे रक्षण मान्य, पण पर्यटन गावांच्या हाती असावे, ही त्याची मागणी. २००३ मध्ये दिब्रूघेट्यापर्यंत मोजक्या पदयात्रींना परवानगी मिळाली. चराईचे हक्क आले नाहीत.

मेंढ्यांना बंद असलेल्या याच खोऱ्याच्या तोंडाशी, रैणीत, १३.२ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प मात्र उभा राहिला. २०१९ मध्ये सुरुंगस्फोटांविरुद्धची तक्रार रैणीतून उच्च न्यायालयात गेली. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराचा खडक-बर्फाचा प्रचंड तुकडा कोसळला. त्यातून आलेल्या लोंढ्याने हा प्रकल्प वाहून नेला, खालच्या तपोवनच्या प्रकल्पाचे मोठे नुकसान केले आणि २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. १९६५ मध्ये नंदादेवीवर हरवलेल्या अमेरिकी-भारतीय हेरगिरी यंत्रातल्या प्लुटोनियमची चर्चा तेव्हा पुन्हा निघाली. दरड कोसळण्याशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. दोन्ही प्रकल्पांच्या मंजुऱ्या रद्द कराव्यात, या मागणीसाठी पाच जण उच्च न्यायालयात गेले. त्यांत रैणीचे रहिवासीही होते. जुलै २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि प्रत्येकाला १०,००० रुपये भरण्याचा आदेश झाला.