डाउनहिल सायकल परभणीत चालवायचीय? पैसे घालण्याआधी हे वाचा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. पण डोंगरांच्या बाबतीत परभणीचा हात जरा आखडताच आहे. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे फाटे, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटच्या टेकड्या आणि मधे सगळं सपाट काळं रान. अशा ठिकाणी कुणी हौसेनं सेकंडहँड डाउनहिल सायकल घेतली, की पहिल्याच चढाला दम निघतो.

मग प्रश्न पडतो, हिला हलकी करून साध्या ट्रेलवर चालवता येईल का? येईल, पण काय आधी बदलायचं हे कळलं नाही तर पैसे पाण्यात जातात.

ही सायकल चढत का नाही?

कारण ती चढण्यासाठी बनलेलीच नाही. 21 ऑक्टोबर 1976 ला कॅलिफोर्नियात 'रिपॅक' नावाची शर्यत झाली. उतारावर ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. त्या शर्यतींत सायकली ट्रकमधून वर न्यायचे. पुढे हे काम रोपवे करू लागले. म्हणजे वर कुणीतरी नेऊन सोडणार, हे धरूनच ही सायकल बनते. वजन साधारण 16 ते 18 किलो, शॉकअपची हालचाल 200 मिलिमीटर आणि सीट एकदम खाली. जिंतूरच्या टेकडीवर मात्र पायडल तुम्हालाच मारायचंय.

पहिली तपासणी फुकट

सीट वर काढा, पण सीटपोस्टवरच्या मर्यादेच्या खुणेपर्यंतच. बसून पायडल सर्वांत खाली न्या. पाय जवळजवळ सरळ होतो का? बऱ्याच डाउनहिल फ्रेममध्ये सीटची नळी आखूड आणि मागे कललेली असते. लांब सीटपोस्ट टाकूनही गुडघा खूप वाकलेलाच राहत असेल, तर इथेच थांबा. फ्रेम बदलल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

मग गिअर

चढ अवघड होण्यात वजनाइतकाच, कधी जास्त, वाटा गिअरचा असतो. पुढे 36 दात आणि मागची सर्वांत मोठी चकती 25 दातांची असेल, तर पायडलच्या एका फेरीत 27.5 इंची चाक सुमारे 3.2 मीटर पुढे जातं. पुढे 30 आणि मागे 46 केलं, तर साधारण 1.45 मीटर. म्हणजे पायावरचा जोर निम्म्याहून कमी. मात्र तुमच्या मागच्या हबवर मोठी कॅसेट बसते का, ते आधी बघा. सोबत लांब पिंजऱ्याचा डिरेलर, जुळणारा शिफ्टर आणि नवी चेनही लागेल.

टायर

डाउनहिलचा एक टायर 1,200 ग्रॅमच्या वर जातो. ट्रेलचा साधारण 900 ते 1,000 ग्रॅमचा असतो. जाड ट्यूब काढून ट्यूबलेस केलं, की दोन्ही चाकं मिळून किलोभर वजन सहज उतरतं. आपल्याकडे याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. बांधावरचे सराटे आणि वेडी बाभूळ यांच्या काट्यांची छोटी भोकं आतलं सीलंट स्वतःच बुजवतं. पावसाळ्यात काळ्या चिकट मातीत मात्र कुठलाच टायर टिकत नाही. तेव्हा मुरमाड वाटाच धरा.

फोर्क सगळ्यात शेवटी

दोन क्राउनचा जाडजूड फोर्क पाहून आधी तोच काढावासा वाटतो. थांबा. फोर्कची लांबी 20 मिलिमीटरनं कमी झाली, की पुढचा कोन सुमारे 1 अंशानं उभा होतो आणि पायडल जमिनीच्या आणखी जवळ येतात. म्हणजे दगडाला घासण्याचा धोका वाढतो. शिवाय बऱ्याच डाउनहिल सायकलींच्या पुढच्या चाकाचा एक्सल 20 मिलिमीटरचा असतो, तो नव्या फोर्कमध्ये बसेलच असं नाही. एवढं करून वजन वाचतं अर्धा ते पाऊण किलो आणि चांगल्या नव्या फोर्कची किंमत अर्धा लाख सहज ओलांडते.

मागे स्प्रिंगऐवजी हवेचा शॉकअप घेतला तर तेवढंच वजन कमी खर्चात कमी होऊ शकतं. पण लांबी आणि स्ट्रोक जुन्याइतकाच हवा. त्यात हवा भरायला वेगळा शॉक पंप लागतो, पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालत नाही.

एका गोष्टीला हात लावू नका

ब्रेक. वजन वाचवायला छोटी डिस्क टाकू नका. सायकल हलकी झाली, तरी उतारावर तुमचं वजन तेवढंच असतं.

मग करायचं की विकायचं?

सीट नीट बसत असेल, तर गिअर आणि टायर बदलून महिनाभर चालवा. बहुतेकांचं काम तेवढ्यात भागतं. सीटच बसत नसेल किंवा फोर्क, चाकं आणि शॉकअप सगळंच बदलावं लागणार असेल, तर ती सायकल डोंगरातल्या एखाद्या हौशी गड्याला विका आणि त्या पैशात साधी हार्डटेल घ्या. सगळं बदलूनही डाउनहिल फ्रेम 15 किलोच्या आसपासच अडते. हार्डटेल त्याहून हलकी मिळते आणि परभणीच्या टेकड्यांना तेवढी पुरते.