वायर गेली, धोका गेला नाही

एसी बसविणाऱ्या एका ठेकेदाराकडे काम करणारा बावीस वर्षांचा तरुण आमच्याकडे आला, तेव्हा त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. स्टुलावर उभे राहून बॅटरीच्या हॅमर ड्रिलने तो बीममध्ये भोक पाडत होता. बिट आतल्या सळईत अडकले. बिट थांबले, पण मशीन थांबली नाही. ती मनगट घेऊन फिरली. हाड मोडले आणि तो खाली कोसळला. ठेकेदाराचे म्हणणे एकाच वाक्याचे : "पोराला मशीन धरता येत नाही." आम्ही विचारले, धरायला शिकवले कोणी? त्यावर उत्तर नव्हते.

ही मशीन आज आपल्या वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या पिशवीत आहे. कोणी हप्त्याने घेतली, कोणाला ठेकेदाराने दिली. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीत, ती खोक्याबरोबरच रद्दीत जाते. मग शिक्षण काय, तर एखाद्या मोठ्या कारागिराने दोन मिनिटांत दाखविलेले बटण!

पहिली गोष्ट बाजूच्या मुठीची. मशीनबरोबर एक जादा मूठ येते. ती अडचण वाटते म्हणून बहुतेक जण लावतच नाहीत. चकामागच्या आकड्यांच्या रिंगमुळे स्क्रू पिळताना जोर मर्यादित राहतो. पण हातोडीच्या खुणेवर बटण नेले की बऱ्याच मशीनमध्ये ती सोय चालत नाही, सगळा जोर सरळ मनगटावर येतो. म्हणून मूठ लावावी, दोन्ही हातांनी धरावे, पाय रोवून उभे राहावे. शिडीच्या टोकावरून हे काम करू नये, कारण शिडी धरायला तिसरा हात कोणालाच नाही. बिट अडकले तर हिसका देऊ नये. बटण सोडावे आणि उलट फिरवून काढावे. सळई लागली तर भोक बाजूला घ्यावे. दगड-काँक्रीटचे बिट लोखंड कापण्यासाठी नसतेच.

दुसरा गैरसमज अधिक जीवघेणा. मशीनला वायर नाही, म्हणजे शॉक नाही, असे अनेकांना वाटते. मशीनमध्ये १८ व्होल्ट असतील, पण भिंतीत २३० व्होल्ट आहेत! स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत आतून वायरीची नळी गेलेली असण्याची शक्यता मोठी. जुन्या घरांत तर ती तिरकीही गेलेली सापडते. बॅटरीच्या मशीनचा खरा फायदा असा की घराची वीज बंद करूनही ती चालते. मग एमसीबी खाली पाडूनच भोक का पाडू नये? घरमालकाचा टीव्ही दहा मिनिटे बंद राहिला तर राहू द्यावा.

धुळीचे नुकसान मात्र त्या दिवशी दिसत नाही. काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. एन-९५ मास्क लागतो. भोकात तोंडाने फुंकर मारण्याची सवय तर सोडलीच पाहिजे, भुकटी थेट डोळ्यांत येते. डोळ्यांना चष्मा हवा, कानात बोळे हवेत. बिट बदलताना आधी बॅटरी काढावी. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूंच्या पिशवीत टाकू नये. तिची टोके लोखंडाने जुळली तर ती पेट घेऊ शकते.

आता कायद्याचे. कामावर अपघात झाला तर 'चूक त्याचीच' एवढे म्हणून मालक सुटत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव नाही. परंतु कामगार नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा दिलेले सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले आणि त्यामुळेच इजा झाली, असे दाखविता आले तर मालकाला वाट मिळते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हीही वाट बंद आहे. मनगट मोडणे त्यात बसत नाही, म्हणून समोरचा वकील हमखास विचारतो : मूठ दिली होती, ती का काढली?

आमच्या अशिलालाही हेच विचारले गेले. ती मूठ त्याला कधी दिलीच नव्हती. ठेकेदाराच्या टेंपोत, मशीनच्या खोक्यात, ती प्लास्टिकच्या पिशवीसकट न उघडलेली पडली होती. त्याच्या सोबत्याने त्याच दिवशी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला होता, आणि तोच फोटो आम्ही दाखल केला आहे. दावा अजून चालू आहे. त्या तरुणाला उजव्या हाताने पाण्याची बादली अजून उचलता येत नाही.