समजून घ्या : ब्रेक-बेअरिंगचे काम केले, तरी चाक का तापते?

वर्धा : नवे लायनर टाकले, बेअरिंग बदलले, ग्रीस भरले आणि गाडी रस्त्यावर आली. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर एकाच चाकाजवळ हात नेला की झळ लागते. दोन्ही कामे एकाच दिवशी झालेली असल्याने दोष नेमका कुठे, हे कळत नाही. मग अंदाजाने पुन्हा बेअरिंग बदलले जाते आणि खर्च दोनदा होतो.

थोडी उष्णता स्वाभाविक आहे. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत घासतात, नवे ग्रीसही सुरुवातीला गरम होते. पण एकाच अॅक्सलची डावी-उजवी चाके साधारण सारखीच तापायला हवीत. त्यात मोठा फरक दिसला, तर गाडी थांबवावी.

रस्त्यावरूनही अंदाज येतो. कारंजा-तळेगावदरम्यानचा सत्याग्रही घाट उतरल्यावर सगळीच चाके तापतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. समृद्धी महामार्गावर मात्र ब्रेकला पाय क्वचितच लागतो. विरूळहून निघून येळाकेळीला बाहेर पडल्यावर एकच चाक तापलेले असेल, तर ब्रेक न दाबताच तिथे काहीतरी घासते आहे.

ब्रेक की बेअरिंग?

उष्णता कुठे जास्त आहे, ते आधी पाहावे. ड्रम किंवा डिस्क सर्वाधिक गरम आणि जळक्या लायनरचा वास असेल, तर ब्रेक धरून बसला आहे. हबचा मधला भाग जास्त तापला, टोपीतून पातळ झालेले ग्रीस बाहेर आले, घरघर ऐकू आली, तर संशय बेअरिंगवर. तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन असल्यास उत्तम. नसल्यास हाताची मागची बाजू जवळ न्यावी, हात टेकवू नये.

खरी परीक्षा जॅकवर होते. दुसऱ्या चाकांना ओट लावून, गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे. जड फिरत असेल, तर ब्रेकचे अॅडजस्टमेंट पूर्ण ढिले करावे. चाक लगेच मोकळे झाले, तर ब्रेकच दोषी. तरीही जड फिरले किंवा खरखरले, तर बेअरिंग उघडावे लागते.

डिस्क ब्रेकमध्ये आणखी एक खूण आहे. कॅलिपरचा ब्लीडर उघडताच चाक सुटले, तर ऑइलचा दाब आत अडकला होता. आतून फुगलेला रबरी होज हे त्याचे नेहमीचे कारण. ब्लीडर उघडूनही चाक सुटत नसेल, तर कॅलिपरच्या पिना किंवा पिस्टन जाम आहे. ट्रकमध्ये स्लॅक अॅडजस्टर जास्त कसलेला असतो, शूची रिटर्न स्प्रिंग कमजोर असते, किंवा हवेचा दाब कमी पडल्याने पार्किंग ब्रेक पूर्ण सुटत नाही.

नट किती कसायचा?

ट्रकच्या टेपर बेअरिंगमध्ये सर्वाधिक चूक इथेच होते. ‘फुल टाइट’ ही शाबासकी नव्हे. चाक फिरवत नट कसायचा, मग मागे घ्यायचा आणि कंपनीने दिलेली मोकळीक ठेवायची. ती साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतकी बारीक असते, म्हणून डायल गेजने मोजावी. मोकळीक उरली नाही, की रोलर दाबाखाली फिरतात आणि तापतात. हब ग्रीसने ठासून भरणे हीदेखील चूकच. जादा ग्रीस घुसळले जाऊन उष्णता वाढते. कारच्या सीलबंद बेअरिंगमध्ये अशी मोकळीक हाताने ठेवायची नसते, मात्र ते चुकीच्या कड्यावर दाब देऊन ठोकले, तर पहिल्याच दिवशी खराब होते.

पाणी का टाकू नये?

तापलेल्या ड्रमवर थंड पाणी ओतले, तर तो तडकू शकतो. उष्णता वाढली की ब्रेक ऑइल उकळते (डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअस सहन करते, मुरलेले त्याहून कमी) आणि पेडल खाली जाते. टायर पेटण्याचाही धोका असतो. हिंगणघाटहून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकचालकाला तो वेगळा सांगायला नको.

रेल्वे हा धोका फार पूर्वीपासून ओळखते. फलाटावर झेंडा घेऊन उभा कर्मचारी धावत्या मालगाडीचा एखादा अॅक्सल तापला आहे का, हेही पाहत असतो. ट्रकसाठी हे काम चालकालाच करावे लागते. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत आठ-दहा किलोमीटरवर थांबून चारही बाजूंची चाके तपासावीत आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.