बिनतारी क्रॉलर गाडीतील स्टिअरिंगचा सर्व्हो का जळतो?

झोतभट्टीत लोखंडाच्या खनिजाबरोबर कोक व चुनखडक घालावा लागतो. खनिजातील वाळूसारख्या अशुद्ध द्रव्यांशी चुनखडकाचा संयोग होऊन त्यांची मळी बनते आणि शुद्धतर लोह खाली उरते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तिला लागणारा चुनखडक दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी येथील उघड्या खाणीतून येऊ लागला आणि खाणीच्या कामगारांसाठी नंदिनी नगर ही वसाहत उभी राहिली. अशा खाणींवर क्रॉलर म्हणजे पोलादी पट्ट्यांवर सरकणारे अवजड यंत्र. परंतु छंद म्हणून चालविल्या जाणाऱ्या ज्या बिनतारी क्रॉलर गाड्यांचा येथे विचार करावयाचा आहे, त्या जेमतेम अर्धा मीटर लांबीच्या असतात. त्यांना मऊ रबराची चार चाके असतात आणि हातातील प्रक्षेपकाच्या आज्ञेवरून त्या दगडधोंड्यांवर सावकाश चढतात. नंदिनीच्या परिसरासारखी खडकाळ जमीन ही त्यांची खरी परीक्षा होय. अर्थात ही परीक्षा खाणीच्या आवारात घ्यावयाची नसते, गावाबाहेरचा एखादा माळ पुरेसा असतो.

ह्या गाड्यांत पुढची चाके डावीउजवीकडे वळविण्याचे काम सर्व्हो नावाची एक लहानशी पेटी करते. गाडीतील सर्वांत अधिक वेळा निकामी होणाऱ्या भागांपैकी हा एक आहे. गाडी दोन दगडांच्या फटीत अडकते, जळक्या रोगणाचा वास येतो आणि चाके वळेनाशी होतात. मालक नवा सर्व्हो बसवितो आणि थोड्याच दिवसांत तोही जळतो. मग दोष विक्रेत्याला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष सर्व्होत नसून त्याच्या भोवती असतो, आणि तो न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे गळकी तोटी तशीच ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

सर्व्हो हा शब्द दास ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. जोसेफ फार्को ह्या फ्रेंच अभियंत्याने १८७३ मध्ये ‘सर्व्हो-मोटर’ ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी वाफेच्या जहाजांचे सुकाणू इतके जड झाले होते की ते माणसाच्या हाताने फिरविणे कठीण जाई. सुकाण्याने आपले चाक थोडेसे फिरवावे आणि वाफेच्या यंत्राने सुकाणू नेमके तेवढेच वळवावे, अशी ती योजना होती. म्हणजे सर्व्होचा जन्मच मुळी दिशा बदलण्याच्या कामासाठी झाला. पुढे १८९८ मध्ये निकोला टेस्ला ह्यांनी न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी एक छोटी नाव लोकांना दाखविली. आजच्या क्रॉलर गाडीत ह्या दोन्ही कल्पना एकत्र नांदतात.

पेटीच्या आत एक विद्युत् मोटर, वेग कमी करून जोर वाढविणारी दंतचक्रे, आसाची स्थिती मोजणारा एक बदलता रोधक आणि एक इलेक्ट्रॉनिक मंडल असते. गाडीतील ग्राहक दर सेकंदास सुमारे पन्नास वेळा एक विद्युत् स्पंद पाठवितो. स्पंद दीड सहस्रांश सेकंद टिकला तर आस मध्यावर यावा, एक सहस्रांश असेल तर एका टोकास आणि दोन सहस्रांश असेल तर दुसऱ्या टोकास जावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. हवी असलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती ह्यांत फरक आढळला की मंडल मोटर फिरविते. फरक नाहीसा झाला की ती थांबविते. हा दास अत्यंत आज्ञाधारक आहे. आज्ञा पाळणे अशक्य झाले तरी तो प्रयत्न सोडीत नाही, आणि त्याच्या जळण्याचे मूळ ह्या आज्ञाधारकपणात आहे.

हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, मोटरीच्या वेटोळ्याचा रोध २ ओहम आहे आणि तिला ६ व्होल्टचा दाब दिला आहे. मोटर मोकळी फिरत असताना तीच लहानशा जनित्राप्रमाणे उलट दिशेचा दाब निर्माण करते. हा उलट दाब ५.४ व्होल्ट असेल, तर वेटोळ्यातून प्रवाह ढकलण्यास ०.६ व्होल्ट उरतात आणि ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. आता चाक दगडात अडकून मोटर थांबली असे धरा. उलट दाब शून्य होतो, संपूर्ण ६ व्होल्ट वेटोळ्यावर पडतात आणि प्रवाह ३ अँपिअर होतो. प्रवाह दहापट झाला. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती शंभरपट होते, म्हणजे ०.१८ वॉटवरून १८ वॉटवर जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या लहान डाखणीची तापण्याची शक्ती जवळपास इतकीच असते. आगपेटीहून थोड्या जाड अशा बंद पेटीत ती उष्णता कोंडली गेली की तारेवरील रोगण वितळते, वेटी एकमेकींस भिडतात आणि मोटर संपते. वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तर पेटी आधीच तापलेली असते.

निदान करताना प्रथम बॅटरी सोडवावी आणि पेटी निवू द्यावी. नंतर सर्व्होचा बाहूपासूनचा दांडा काढून त्याच जोडणीवर चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा सर्व्हो लावून पाहावा. तो नीट चालला तर तारा व ग्राहक निर्दोष आहेत. जुन्या सर्व्होत मोटरीचा आवाज येतो पण बाहू हलत नाही, तर दंतचक्राचे दाते तुटले आहेत. चक्रे बदलून तो वाचविता येतो. बाहू थरथरत असेल तर स्थिती मोजणारा रोधक झिजला असेल किंवा विद्युत् दाब अपुरा पडत असेल. कसलाच आवाज नाही आणि जळका वास आहे, तर मोटर किंवा मंडल गेले.

नवा सर्व्हो बसविण्यापूर्वीचा तपास अधिक महत्त्वाचा, आणि येथेच बहुतेकांची घाई होते. दांडा सुटा असतानाच चाके हाताने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावीत. चुनखडकाची भुकटी ओल लागून सांध्यात घट्ट बसते, बेअरिंग गंजते, टायर चौकटीस घासतो. हातास जाणवणारी प्रत्येक अडचण मोटरीस प्रवाहाच्या रूपाने जाणवते.

तरीही सर्वांत अधिक सर्व्हो जळतात ते निराळ्याच कारणाने. समजा, चाके चाळीस अंश वळल्यावर धातूच्या अडसरास टेकतात, पण प्रक्षेपकाची आज्ञा पंचेचाळीस अंशांची आहे. उरलेल्या पाच अंशांसाठी सर्व्हो अडसराशी झुंजत राहतो. गाडी सपाट फरशीवर उभी असली तरी तो तापतो, आणि चालविणाऱ्यास केवळ बारीक गुणगुण ऐकू येते. ह्यासाठी प्रक्षेपकात दोन्ही टोकांच्या मर्यादा ठरविण्याची सोय असते. प्रथम सर्व्हो विजेवर मध्यावर आणावा, मगच बाहू सरळ बसवावा आणि चाके अडसरास टेकण्याच्या किंचित आधी थांबतील अशा मर्यादा ठेवाव्यात. बाहू विनाकारण लांब घेऊ नये. लांबी दुप्पट केली की टोकाशी मिळणारा जोर निम्मा होतो.

विद्युत् दाबही मोजून पाहावा. दोन घटांची लिथियम बॅटरी पूर्ण भरली असता ८.४ व्होल्ट देते. ६ व्होल्टसाठी बनविलेला सर्व्हो तिला सरळ जोडणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वहस्ते तोडणे होय. मधल्या नियंत्रकाने दाब उतरविला असेल, तर अडकलेल्या सर्व्होस लागणारे तीन-चार अँपिअर, मोठ्या सर्व्होच्या बाबतीत त्याहूनही अधिक, त्याला पुरविता येतात की नाही हे त्याच्या पत्रकावरून ताडावे.

चालविण्याची सवयही महत्त्वाची आहे. चाक फटीत रुतले असता स्टिअरिंग पूर्ण दाबून धरणे हा सर्व्हो जाळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग. हात सोडून गाडी वीतभर मागे घ्यावी आणि दुसरी वाट धरावी. मंगळावरील ‘ऑपॉर्च्युनिटी’ ह्या फिरत्या यंत्राच्या उजव्या पुढच्या चाकाची वळण-यंत्रणा २००५ मध्ये अडकली. तेथे जाऊन ती कोण बदलणार? चालकांनी ते चाक किंचित आत वळलेले तसेच राहू दिले आणि उरलेल्या चाकांच्या साहाय्याने, पुष्कळदा उलट दिशेने चालवीत, २०१८ पर्यंत यंत्राकडून काम घेतले.

शेवटची चाचणी प्रवाहमापकाची. सर्व्होच्या तांबड्या तारेत दहा अँपिअरपर्यंत मोजणारा मापक घालून चाके एका टोकास न्यावीत. वळताना काटा चढेल. चाके थांबताच तो पुन्हा खाली आला पाहिजे. तो वरच राहिला, तर टोकाची मर्यादा आणखी थोडी कमी करावी आणि पुन्हा पाहावे. दोन्ही टोकांस काटा खाली आल्यावरच गाडी दगडांवर न्यावी, आणि पाच मिनिटांनी पेटीस बोट लावून पाहावे.