काळ्या पाषाणाखालील प्राचीन भूकवच

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात भूगोलाच्या पाठाचा आरंभ काळ्या पाषाणापासून करावा, हे उचितच होय. दौलताबादचा किल्ला, वेरूळ व अजिंठा येथील लेणी आणि गावोगावच्या विहिरींचे कातळ हे सर्व बेसाल्टचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. परंतु पाठ येथेच संपविल्यास आपली भूमी तळापर्यंत बेसाल्टचीच आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः बेसाल्ट हे वरचे पांघरूण आहे. त्याखालचे अंग फार निराळे व फार जुने आहे.

हे अंग पाहण्याचा योग एका मोठ्या आपत्तीनंतर आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला व सात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. पुढे शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात प्रथम ३३८ मीटर बेसाल्ट लागला. त्याखाली सुमारे ८ मीटर जाडीचा गाळाचा थर आढळला आणि नंतर सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा स्फटिकमय खडक लागला.

या खडकातील खनिजे तीव्र उष्णता व प्रचंड दाब यांशिवाय तयार होत नाहीत. अशी स्थिती भूकवचात कित्येक किलोमीटर खोलीवरच असते. मग असा खडक पृष्ठाजवळ कसा आला? भूकवचाचा तो भाग हळूहळू उचलला गेला आणि त्यावरील जाड थर ऊन, वारा व पाणी यांनी झिजून गेले, हेच त्याचे उत्तर होय. गाळाचा पातळ थर याचीच साक्ष देतो. लाव्हा येण्यापूर्वीच तो खडक उघडा पडला होता व त्यावर गाळ साचला होता. अशा प्राचीन भूकवचाचे ग्रॅनाइट व पट्टेदार खडक नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूस, जेथे लाव्ह्याचे थर संपतात, तेथे आजही उघड्यावर दिसतात.

वर्गात हे दाखविण्यास खर्च लागत नाही. पाटावर तीन रंगांच्या ओल्या मातीचे थर एकावर एक द्यावेत. खालून हात घालून मधला भाग अलगद वर उचलावा व फुगलेला माथा सुरीने सपाट कापावा. तळाचा रंग वर आलेला दिसेल. त्यावर काळ्या मातीचा पातळ चिखल ओतला की मराठवाड्याची भूमी तयार झाली.

या पाठाचा व्यवहाराशी निकट संबंध आहे. जुनी व कठीण भूमी हलत नाही, अशी समजूत पूर्वी रूढ होती. किल्लारीचा प्रदेशही त्या काळी सर्वांत कमी धोक्याच्या भागात गणला जात असे. परंतु भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूखंडास रेटत आहे. त्यामुळे निर्माण होणारा ताण प्राचीन कवचातील जुन्या भेगांवरही पडतो आणि एखादी भेग अकस्मात सरकते. किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून फार मोठी प्राणहानी झाली.

म्हणून शिक्षकांनी दोन गोष्टी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवाव्यात. भूकंप हा कोणाच्या पापाचा दंड नसून भूकवचातील ताणाचा परिणाम आहे. तसेच भिंतीतील दगड परस्परांत नीट गुंतलेले असावेत, कोपरे पक्के बांधलेले असावेत, भिंतींना चहूबाजूंनी जोडणारा पट्टा असावा आणि छप्पर हलके असावे. भूमीचा इतिहास शिकलेले मूल घरी जाऊन भिंतीकडे डोळसपणे पाहू लागले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.