विटाळ, चीड आणि भरवसा

दोन समाजगट एकमेकांशी सहकार्य करतील की एकमेकांवर तुटून पडतील, हे त्यांच्या हितसंबंधांवरून ठरते, असे राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राने बराच काळ गृहीत धरले होते. जमीन, पाणी, नोकऱ्या आणि सत्ता यांची न्याय्य वाटणी झाली की तंटे आपोआप मिटतील, अशी त्यामागची धारणा होती. या धारणेला पहिला मोठा धक्का एका अगदी साध्या प्रयोगाने दिला. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांची क्षुल्लक निकषांवर दोन गटांत विभागणी केली आणि त्यांना आपल्या व दुसऱ्या गटातील मुलांमध्ये पैसे वाटण्यास सांगितले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की अनेक मुलांनी आपल्या गटाला प्रत्यक्षात कमी रक्कम मिळाली तरी चालेल, पण दुसऱ्या गटाला तिच्याहूनही कमी मिळावी, अशी वाटणी पसंत केली. जेथे कोणतेही जुने वैर नव्हते, ज्या गटांना इतिहासही नव्हता, तेथेसुद्धा लाभापेक्षा वरचढपणाची ओढ प्रबळ ठरली.

ही ओढ कोठून येते, याचे एक समाधानकारक उत्तर इलियट स्मिथ आणि डायान मॅकी या अमेरिकी समाजमानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून मांडले. माणूस स्वतःला एखाद्या समूहाचा घटक समजू लागला की त्या समूहाच्या वाट्याला आलेले सुखदुःख तो स्वतःचे म्हणून अनुभवतो आणि म्हणूनच ज्याला वैयक्तिकरीत्या कोणतीही झळ पोचलेली नाही असा मनुष्यही दूरच्या गावातील आपल्या जातभाईच्या अपमानाने पेटून उठतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अशा भावनेला समूहभावना म्हणता येईल. तिच्या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग असा की दुसऱ्या गटाविषयीच्या सगळ्या प्रतिकूल भावना एका जातीच्या नसतात, त्यांच्यातून निपजणारे वर्तनही वेगवेगळे असते. भीती माणसाला दूर राहायला लावते. चीड त्याला सामोरे जायला लावते आणि आपला गट समर्थ आहे असे वाटते तेव्हा ती अधिक उफाळते. तुच्छता आणि किळस मात्र समोरच्या गटाशी संबंधच नको, त्याचा स्पर्शही नको, असा आग्रह धरतात. सहकार्याच्या दृष्टीने या तिघींमधील फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला परदेशातील प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची गरज नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा लढा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा स्वतःचा ठरावही केला. म्हणजे हक्काचा प्रश्न कागदावर सुटलेला होता. तळ्यात पाणी भरपूर होते, मुसलमान आणि ख्रिस्ती तेथे पाणी भरत होते, जनावरेही ते पीत होती, त्यामुळे कोणाच्या पाण्यात वाटेकरी येण्याचा प्रश्न नव्हता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा थोड्याच वेळात अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली, जमावाने लाठ्याकाठ्यांसह परिषदेच्या मंडपावर आणि वाटेने परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला केला, आणि नंतर तळ्यातील पाणी गोमूत्र, शेण, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून शुद्ध करून घेण्यात आले. हितसंबंधांच्या कोणत्याही हिशेबात ही शुद्धी बसत नाही. तिचा अर्थ केवळ विटाळाच्या कल्पनेतून, म्हणजे किळसेला मिळालेल्या धार्मिक मान्यतेतून लागतो. चीड एखाद्या कृत्यावर येते आणि ते कृत्य थांबले की ओसरू शकते. किळस मात्र माणसाच्या असण्यावरच रोखलेली असते, त्यामुळे तिच्यापुढे तडजोडीला जागाच उरत नाही. नगरपालिकेने पुढे ऑगस्टमध्ये आपला जुना ठरावच रद्द करून टाकला.

त्या दिवशीची दुसरी बाजूही तितकीच अभ्यसनीय आहे. हल्ला झालेल्यांमध्ये लष्करात नोकरी केलेले महार होते, प्रतिकार करण्याची ताकद त्यांच्याकडे होती आणि संतापाला पुरेसे कारणही होते. तरीही आंबेडकरांनी त्यांना आवरले, आणि त्या संतापाचे रूपांतर कायदेशीर व संघटित लढ्यात झाले. मार खाल्लेल्या काही जणांना मुसलमानांनी आपल्या घरांत आसरा दिला होता, आणि डिसेंबरात भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी जागाही एका मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच सुमारास ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी या लढ्यात ब्राह्मणांना घेऊ नये, या अटीवर पाठिंबा देऊ केला, तेव्हा आंबेडकरांनी ती अट अमान्य केली, कारण त्यांचा विरोध जन्माने ब्राह्मण असलेल्यांना नसून उच्चनीचतेच्या वृत्तीला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते, ही गोष्ट या भूमिकेचे फलित मानावी लागेल.

इस्रायलमधील इरान हॅल्पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली-पॅलेस्टिनी संघर्षाच्या संदर्भात चीड आणि द्वेष यांत जो भेद दाखवला, तो या भूमिकेशी विलक्षण जुळतो. त्यांच्या मते चीड म्हणजे दुसऱ्याने केलेल्या अन्यायाविषयीची प्रतिक्रिया, तर द्वेष म्हणजे तो समूह स्वभावतःच दुष्ट आहे आणि कधीही बदलणार नाही हा विश्वास. ज्यांच्या मनात असा खोल द्वेष नसतो, त्यांच्या बाबतीत चीड वाटाघाटींना पाठिंबाही मिळवून देऊ शकते, कारण ती परिस्थिती सुधारण्याची आस बाळगून असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणखी एका अभ्यासात, समूह काळानुसार बदलू शकतात असा मजकूर वाचलेल्या ज्यू आणि अरब सहभागींनी, विरुद्ध गटाचे नावही त्या मजकुरात नसताना, तडजोडीकडे अधिक अनुकूलतेने पाहिले. पीडितांना सतत शांत राहण्याचा उपदेश करणाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावा. अन्यायग्रस्तांची चीड ही सलोख्याची शत्रू असतेच असे नाही. ती विझवून मिळवलेली शांतता पुष्कळदा जुन्या अन्यायाचीच राखण करते.

मग भीती आणि अविश्वास ओसरतात कसे, हा प्रश्न उरतो. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये असे मांडले की समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकारी यंत्रणेचा पाठिंबा असेल तर दोन गटांतील प्रत्यक्ष सहवासाने पूर्वग्रह कमी होतात. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून या मताला मोठा आधार दिला. पुढे त्यांनी सहवासाचा परिणाम नेमका कोणत्या वाटेने होतो हेही तपासले, तेव्हा दुसऱ्या गटाविषयीची माहिती वाढल्याने होणारा परिणाम अल्प, तर धास्ती कमी झाल्याने आणि सहानुभूती वाढल्याने होणारा परिणाम बराच मोठा असल्याचे दिसले. इतर धर्मांचे सण आणि चालीरीती यांची माहिती देणारे पाठ शाळेत नेमले की सलोखा वाढेल, या आपल्याकडील सरकारी विश्वासाला यातून फारसा दुजोरा मिळत नाही.

सहवासाचे स्वरूपही निर्णायक असते. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या माध्यमातून एक प्रयोग केला, ज्यात काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने मिश्र संघांत घातले, काहींना एकजातीय संघांत, तर काहींना खेळापासून दूर ठेवले. एकाच संघातून खेळलेल्या तरुणांच्या इतर जातींतील मैत्री वाढल्या आणि नंतरच्या देवघेवीतही त्यांनी इतर जातींच्या व्यक्तींशी अधिक फायदेशीर व्यवहार केले; मात्र केवळ प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांमध्ये असा लाभ दिसला नाही, काही बाबतींत उलट हानीच झाली. सलमा मूसा यांनी इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुसलमान खेळाडू घालून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. संघातील आणि स्पर्धेतील मुसलमानांशी ख्रिस्ती खेळाडूंचे वागणे सुधारले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांपर्यंत तो बदल फारसा पोचला नाही. म्हणजे एका मित्राविषयीचा जिव्हाळा त्याच्या सगळ्या समाजापर्यंत आपोआप पसरत नाही. त्यासाठी कायमस्वरूपी संस्था लागते.

अशा संस्थेचे ठळक उदाहरण भिवंडीत सापडते. यंत्रमागांच्या या गावात १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भीषण दंगल उसळली, १९८४ मध्ये पुन्हा रक्तपात झाला, आणि दंगलीचे गाव अशी भिवंडीची ख्याती झाली. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या, ज्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसह नियमितपणे बसत. या बैठकांत सलोख्याची भाषणे होण्यापेक्षा नळाचे पाणी, गटारे, शेजाऱ्यांची भांडणे आणि पोलीस ठाण्याविषयीच्या तक्रारी यांसारखे रोजचे प्रश्न चर्चिले जात, आणि या योजनेचे खरे शहाणपण त्यातच होते. एकमेकांची अडचण सोडवताना धास्ती नकळत ओसरते, पोलिसांविषयीचा संशय कमी होतो आणि अफवा आली तर ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस असतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्यांच्या अभ्यासातून २००२ मध्ये हाच मुद्दा व्यापक पातळीवर मांडला: मोठ्या शहरांत शेजाऱ्यांच्या साध्या ये-जा करण्यापेक्षा व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिक मंडळे यांसारख्या दोन्ही समाजांना सामावणाऱ्या संस्था दंगली रोखण्यात अधिक परिणामकारक ठरतात. स्टीव्हन विल्किन्सन यांचे मत वेगळे आहे. त्यांच्या २००४ मधील ग्रंथानुसार दंगल थांबते की पसरते हे प्रामुख्याने राज्य सरकारच्या निवडणुकीच्या गणितावर अवलंबून असते. हा आक्षेप डावलता येणार नाही, कारण भिवंडीतही समित्यांना बळ मिळाले ते एका अधिकाऱ्याच्या पाठबळामुळे, आणि जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच गावात गोळीबार झाला व दोन पोलिसांचे प्राण गेले. तरीही राज्यकर्त्यांना भावना पेटवता येतात त्या आधीच धास्तावलेल्या वस्तीत. जेथे भरवशाच्या माणसांची साखळी तयार आहे तेथे त्यांना अधिक कष्ट पडतात.

सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली आणि तिने पुढील काळात मोलाचे काम केले. मात्र भिवंडीतील समित्या गाव शांत असताना स्थापन झाल्या होत्या, तर मुंबईतील चळवळ सुरू झाली ती १९९४ मध्ये, दंगलीनंतर.